दुर्मीळ जनुकीय हालचाल-विकारांत डीबीएस: ठाणे-नवी मुंबईतील डॉक्टरांनी एकत्र काम कसे करावे

पार्किन्सनचा रुग्ण ठाण्यातल्या कोणत्याही न्यूरॉलॉजिस्टला रोज भेटतो. केएमटी2बी किंवा जीएनएओ1 या जनुकांतील दोषामुळे डिस्टोनिया, म्हणजे स्नायू आपोआप आखडून अवयव वळण्याचा विकार, झालेले मूल मात्र त्याच डॉक्टरांना साऱ्या कारकिर्दीत एखाद-दुसऱ्या वेळीच भेटते, आणि तेही बहुधा ‘सेरेब्रल पाल्सी’ असे लिहिलेली जाडजूड फाइल घेऊन. अशा मुलाला डीप ब्रेन स्टिम्युलेशनचा, म्हणजे मेंदूत बारीक तार बसवून यंत्राने विद्युत स्पंद देण्याच्या डीबीएस या उपचाराचा, उपयोग होईल का, झाला तर किती आणि किती काळ, हा प्रश्न एकट्याने सोडवण्याजोगा नाही, कारण त्याचे उत्तर जनुकतज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट, न्यूरोसर्जन, भूलतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि आईवडील यांच्यात तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेले असते. ते तुकडे जुळवायचे कसे, याची ही कार्यपद्धती आहे. ती ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल या पट्ट्यातील डॉक्टरांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, कारण इथे बालरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट रुग्णाच्या घराजवळ असतात, पण अशा आजारांत डीबीएस केलेला चमू गाठायचा तर बहुधा मुंबई गाठावी लागते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. 1987 साली फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे आलिम-लुई बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतील थॅलॅमस या भागाला उच्च वारंवारतेचे विद्युत स्पंद देऊन कंप आटोक्यात आणता येतो हे दाखवले. पुढे 2000 साली माँपेलिए येथील गटाने टीओआर1ए जनुकाच्या सार्वदेहिक डिस्टोनियात ग्लोबस पॅलिडस इंटर्ना, म्हणजे जीपीआय, या केंद्रकाच्या उत्तेजनाने मिळालेले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि 2003 साली अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने सात वर्षे व त्यावरील वयाच्या डिस्टोनियाच्या रुग्णांसाठी या उपचाराला मानवतावादी सवलतीखाली मान्यता दिली. जनुकीय डिस्टोनियात आजही जीपीआय हेच मुख्य लक्ष्य आहे.

फाइलचा धनी एकच असावा

पाच तज्ज्ञ एकत्र आले, की प्रत्येकाला वाटते, उरलेल्या चौघांपैकी कोणीतरी लेव्होडोपा हे औषध देऊन पाहिलेच असेल. म्हणून सर्वांत आधी समन्वयक ठरवावा आणि त्याचे नाव फाइलच्या पहिल्या पानावर लिहावे. माझ्या मते हा समन्वयक शल्यविशारद नसावा. रुग्णाच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर असलेला न्यूरॉलॉजिस्ट किंवा बाल-न्यूरॉलॉजिस्ट असावा. शस्त्रक्रिया एका दिवसाची असते. औषधे कमी-जास्त करणे, यंत्राची मात्रा बदलणे, जखमेकडे लक्ष ठेवणे आणि रात्री अपरात्री फोन घेणे हे पुढे कित्येक वर्षांचे काम असते, आणि ते काम परळच्या किंवा पेडर रोडच्या रुग्णालयात बसून पनवेलच्या घरासाठी करता येत नाही.

विषय हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक रुग्ण धरू. ऐरोलीतील अकरा वर्षांची मुलगी. जन्म पूर्ण दिवसांचा, लगेच रडली, पहिली चार वर्षे वाढ ठीक, उंची मात्र वयाच्या मानाने कमी. पाचव्या वर्षी डावे पाऊल आत वळू लागले, दोन वर्षांत दोन्ही पाय, मग हात, आणि आता बोलणे इतके अस्पष्ट, की शाळेत तिची धाकटी बहीण तिचे म्हणणे शिक्षकांना समजावून सांगते. एमआरआय नॉर्मल. फाइलवर सहा वर्षे सेरेब्रल पाल्सीच लिहिलेले आहे. प्रसूतीच्या वेळी काही घडलेले नाही, एमआरआय स्वच्छ आहे आणि आजार वाढत चालला आहे, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, की ते लेबल पुसून नव्याने सुरुवात करावी. सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा वाढत नाही, आणि इथे तर लक्षणे पायाकडून घशाकडे चढत गेली आहेत.

समन्वयकाने या मुलीचा एक पानी सारांश तयार करावा. लक्षणे कोणत्या वयात कुठे सुरू झाली आणि कशी पसरली, झोपेत हालचाली थांबतात का, दिवसभरात संध्याकाळी वाढतात का, कोणती औषधे किती मात्रेत किती आठवडे दिली आणि का थांबवली, घराण्यात तीन पिढ्यांत कोणाला असे काही आहे का, आईवडिलांचे नाते रक्ताचे आहे का, एवढे त्यात हवे. ‘ट्रायहेक्सिफेनिडिल दिले, फायदा नाही’ हे वाक्य निरुपयोगी आहे. किती मिलिग्रॅम दिले ते लिहिले नसेल, तर औषध दिलेच नाही असे धरावे लागते.

पाठवण्याआधी काय वगळावे

डीबीएसच्या चमूकडे रुग्ण पाठवण्याआधी औषधाने किंवा आहाराने बरे होऊ शकणारे आजार वगळणे ही समन्वयकाची जबाबदारी आहे. इथे हयगय झाली, तर गोळीने सुटणाऱ्या रुग्णाच्या डोक्यात तार जाते.

पहिला क्रमांक डोपा-प्रतिसादी डिस्टोनियाचा. त्याचे नेहमीचे कारण जीसीएच1 जनुकातील दोष हे असते. पाऊल वळणे, सकाळी बरे आणि संध्याकाळी वाईट, असे चित्र असेल तर संशय घ्यावाच, पण तसे चित्र नसले तरीही बालवयात सुरू झालेल्या प्रत्येक डिस्टोनियात कार्बिडोपासह लेव्होडोपा हळूहळू वाढवत पुरेशा मात्रेला न्यावा आणि त्या मात्रेवर निदान चार आठवडे ठेवावा. दुसरा विल्सनचा, म्हणजे शरीरात तांबे साठण्याचा, आजार: रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन, 24 तासांच्या लघवीतील तांबे आणि स्लिट लॅम्पवर डोळ्यातील कायझर-फ्लायशर वलय तपासावे. तिसरा ग्लुट1 कमतरता. यात उपाशीपोटी किंवा श्रमानंतर हालचाली वाढतात, पाठीच्या पाण्यातील ग्लुकोज रक्ताच्या मानाने कमी असते, आणि कीटोजेनिक, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अत्यल्प पिष्ट असलेल्या, आहाराने फरक पडतो. चौथा एसएलसी19ए3 चा बायोटिन-थायमिन प्रतिसादी आजार. इथे तपासणीच्या निकालाची वाट न पाहता दोन्ही जीवनसत्त्वे सुरू करण्यात शहाणपण आहे. एमआरआयमध्ये टी1 चित्रांवर बेसल गँग्लिया ही मेंदूच्या आतील केंद्रके पांढरी दिसली, तर मँगनीज साठण्याचे जनुकीय विकार आठवावेत, कारण त्यांत किलेशनचा, म्हणजे औषधाने धातू शरीराबाहेर काढण्याचा, पर्याय असतो.

जनुकीय अहवाल कसा वाचावा

सहकार्याची खरी कसोटी इथे लागते. प्रयोगशाळेचा अहवाल जाड असतो, त्यातले पहिले पान सगळे वाचतात आणि उरलेले कोणी वाचत नाही. जनुकतज्ज्ञाने बैठकीत चार प्रश्नांची उत्तरे सोप्या भाषेत द्यावीत अशी आधीच विनंती करावी: सापडलेला बदल खात्रीने रोगकारक आहे की अनिश्चित अर्थाचा, तो आईवडिलांकडून आला आहे की नव्याने उद्भवला आहे, या चाचणीत काय दिसूच शकत नाही, आणि या जनुकात डीबीएसचा अनुभव काय आहे.

तिसऱ्या प्रश्नाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. एक्झोम तपासणीत, म्हणजे जनुकांचे प्रथिने घडवणारे भाग वाचणाऱ्या चाचणीत, हंटिंग्टन किंवा स्पायनोसेरेबेलर अटॅक्सियातील पुनरावृत्तींची वाढ सहसा पकडली जात नाही. एसजीसीई किंवा पार्किन जनुकातील अख्खा एक्झॉन, म्हणजे असा एक भाग, गळाला असेल, तर एमएलपीए ही चाचणी किंवा कॉपी-नंबरचे वेगळे विश्लेषण लागते. केएमटी2बी च्या बाबतीत जनुकासकट गुणसूत्राचा छोटा तुकडाच गायब असू शकतो. फिलिपाइन्समधील पनाय बेटाशी जोडलेला टीएएफ1 चा एक्स-गुणसूत्री डिस्टोनिया-पार्किन्सनिझम ज्या घुसलेल्या तुकड्यामुळे होतो, तोही साध्या एक्झोमला दिसत नाही. म्हणून ‘एक्झोम निगेटिव्ह’ याचा अर्थ ‘जनुकीय नाही’ असा कधीही लावू नये.

केएमटी2बी आणि जीएनएओ1 चे बहुतेक बदल मुलात नव्याने उद्भवलेले असतात. त्यामुळे मूल आणि दोन्ही पालक अशी तिघांची एकत्र तपासणी करणे हा पैशाचा सर्वांत चांगला उपयोग आहे. बदल अनिश्चित अर्थाचा निघाला आणि पालकांत तो नसला, तर त्याचे वजन बरेच वाढते. केएमटी2बी मध्ये रक्ताच्या डीएनएवर मिथायलेशनचा, म्हणजे रासायनिक खुणांचा, ओळखता येणारा ठसाही असतो आणि संशयाच्या वेळी तो उपयोगी पडतो.

आता चौथा प्रश्न, म्हणजे कोणत्या जनुकात काय अपेक्षा ठेवावी. टीओआर1ए, ज्याला पूर्वी डीवायटी1 म्हणत, त्यात जीपीआय उत्तेजनाचा प्रतिसाद सर्वांत भरवशाचा असतो आणि बहुतेकांत डिस्टोनिया निम्म्याहून अधिक कमी होतो. आजाराची वर्षे जितकी कमी आणि सांधे जितके मोकळे, तितका निकाल चांगला. कायमचे आखडलेले घोटे किंवा पक्का झालेला पाठीचा बाक कोणतीही तार सरळ करू शकत नाही. टीएचएपी1 मध्ये प्रतिसाद कमी-अधिक असतो आणि बोलणे फारसे सुधारत नाही. एसजीसीई च्या मायोक्लोनस-डिस्टोनियात झटके आणि डिस्टोनिया दोन्ही चांगले आटोक्यात येतात. केएमटी2बी चा डिस्टोनिया 2016 साली प्रथम वर्णिला गेला. त्यात चालणे आणि धड यांत अनेकांना ठळक फायदा होतो, पण स्वरयंत्र आणि बोलणे मागे राहते. आपल्या ऐरोलीच्या मुलीच्या आईवडिलांना हे शस्त्रक्रियेआधीच स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण त्यांची सर्वांत मोठी आशा तिच्या बोलण्यावर असेल. पीएएनके2 मुळे होणाऱ्या, एमआरआयवर ‘वाघाचा डोळा’ दाखवणाऱ्या आजारात फायदा मध्यम असतो आणि आजार पुढे सरकतो तसा तो ओसरू शकतो. एटीपी1ए3 च्या झपाट्याने सुरू होणाऱ्या डिस्टोनिया-पार्किन्सनिझममध्ये सहसा काहीच मिळत नाही, तेव्हा तिथे शस्त्रक्रियेचा हट्ट धरू नये. एडीसीवाय5 मध्ये डीबीएसचा फायदा अर्धवटच असतो. गंमत म्हणजे या आजारात काही रुग्णांचे झटके चक्क कॉफीने कमी होतात, आणि कॉफी देऊन पाहायला बैठक लागत नाही.

पार्किन्सनच्या जनुकीय प्रकारांतही हाच विचार लागू होतो. पार्किन आणि एलआरआरके2 मध्ये निकाल सामान्यतः चांगले असतात. जीबीए मध्ये हालचालींना फायदा झाला तरी मेंदूतील सबथॅलॅमिक केंद्रकाच्या उत्तेजनानंतर आकलनशक्ती अधिक वेगाने घसरण्याची चिंता आहे, म्हणून तिथे मानसशास्त्रीय चाचण्यांना जास्त महत्त्व द्यावे.

एक सावधगिरी मात्र हवी. यांतील बहुतेक माहिती छोट्या रुग्णमालिकांतून आलेली आहे, आणि यशस्वी रुग्णाचा अहवाल छापला जातो तितक्या उत्साहाने फसलेल्याचा छापला जात नाही. जनुकाचे नाव हे तराजूतले एक वजन आहे, संपूर्ण निकाल नव्हे. जनुक सापडले नाही एवढ्या कारणाने योग्य रुग्णाची शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे लांबवणे मला मान्य नाही.

कुटुंबाच्या समुपदेशनाची वेळही इथेच ठरवावी. टीओआर1ए चा दोष असलेल्यांपैकी सुमारे 30 टक्क्यांनाच लक्षणे येतात. एसजीसीई मध्ये दोष वडिलांकडून आला तर आजार बहुधा दिसतो आणि आईकडून आला तर बहुधा दडून राहतो. ‘धाकटीचीही तपासणी करून टाकू का, डॉक्टर?’ हा प्रश्न येणारच. लक्षणे नसलेल्या लहान मुलाची तपासणी उपचारात काही फरक पडणार नसेल तर करू नये, आणि तिने मोठी होऊन स्वतः ठरवावे, हे पालकांना शांतपणे समजावून सांगण्याचे काम जनुकीय समुपदेशकाचे आहे. ते ओपीडीच्या गर्दीत, दारात उभ्या उभ्या होत नाही.

व्हिडिओ

दहा पानी पत्रापेक्षा आठ मिनिटांचा नीट घेतलेला व्हिडिओ जास्त बोलतो. मोबाइल आडवा धरून स्टँडवर ठेवावा, संपूर्ण देह पायाच्या बोटांपर्यंत चौकटीत यावा आणि मागे भिंत मोकळी असावी. मुलाने आखूड बाह्यांचा शर्ट आणि हाफ पँट घालावी, पाय उघडे असावेत. आधी दोन मिनिटे स्वस्थ बसलेले असताना, मग हात पुढे धरून, मग बोट नाकाला लावताना, पेल्यातून पेल्यात पाणी ओतताना, वहीत स्वतःचे नाव आणि एक ओळ लिहिताना, उभे राहून, दहा मीटर चालून आणि वळून परत येताना, आणि शेवटी चेहरा जवळून घेऊन एखादी पाठ असलेली कविता म्हणताना चित्रीकरण करावे. लिहितानाचा हात फक्त वरून घेऊ नये, बाजूनेही घ्यावा. मनगट कुठे वाकते आणि दुसरा हात आपोआप काय करतो, ते बाजूनेच दिसते. शिवाय आईकडून घरातला एक व्हिडिओ मागवावा: जेवताना, आणि गाढ झोपेत. झोपेत हालचाली थांबतात की उलट झोपेतून उठता उठता उसळतात, यावरून निदानाची दिशा बदलू शकते.

क्रम प्रत्येक वेळी हाच ठेवावा, जागा आणि कपडेही शक्यतो तेच, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचा व्हिडिओ आधीच्या शेजारी ठेवता येतो. शस्त्रक्रियेची तारीख माहीत नसलेल्या डॉक्टरांनी दोन्ही पाहून बर्क-फान-मार्सडेन मापनपट्टीवर गुण द्यावेत. या पट्टीचा हालचालींचा भाग 120 गुणांचा आणि अपंगत्वाचा भाग 30 गुणांचा असतो.

हे व्हिडिओ डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची सवय मोडली पाहिजे. एक तर तिथे चित्र दाबले जाऊन बारीक झटके पुसले जातात, आणि दुसरे म्हणजे चेहरा दिसणारा मुलाचा व्हिडिओ कोणाकोणाच्या फोनमध्ये जाऊन पडेल याचा हिशेब राहत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 साली झाला आहे. लेखी संमती, पासवर्ड असलेले सामायिक फोल्डर आणि नावाऐवजी क्रमांक, एवढे पाळणे अवघड नाही.

बैठक

तासाभराची ऑनलाइन बैठक पुरते, पण सारांश आणि व्हिडिओ निदान चार दिवस आधी सर्वांकडे पोहोचलेले असावेत. डॉक्टरांनी डॉक्टरांचा सल्ला दूरस्थपणे घेण्याला मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत जागा आहे, त्यामुळे ‘हे चालते का’ या शंकेत वेळ घालवू नये. फिजिओथेरपिस्टला बैठकीला बोलावण्याचे बहुतेक वेळा राहून जाते. त्या मुलीला आठवड्यातून तीन वेळा हात लावून पाहणारी तीच एक व्यक्ती असते, आणि घोटा हालचालीमुळे वळतो आहे की कायमचा आखडला आहे, हे तिच्याइतके नेमके कोणीही सांगू शकत नाही.

बैठकीत प्रथम पालकांची उद्दिष्टे वाचून दाखवावीत, आणि तीही त्यांच्याच शब्दांत. ‘डिस्टोनिया कमी व्हावा’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘तिने डबा स्वतःच्या हाताने खावा’, ‘रात्री चार तास तरी सलग झोपावी’, ‘इमारतीचा जिना धरून उतरता यावे’, ही उद्दिष्टे होत. कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर हे साधन याच कामासाठी आहे. मिश्र स्वरूपाच्या जनुकीय आजारांत हालचालींचे गुण जेमतेम हलतात, पण मुलाला कपडे घालायला दोन माणसांऐवजी एक पुरते, आणि घराच्या दृष्टीने तो फरक फार मोठा असतो.

मग जोखीम. मेंदूतील रक्तस्राव क्वचित होतो, पण सांगितला गेलाच पाहिजे. जंतुसंसर्ग आणि त्वचेखालील यंत्रावरची कातडी झिजणे हे कृश मुलांत अधिक घडते. उंची वाढते तशी मानेतील तार ताणली जाते. भूलतज्ज्ञाला आधी व्हिडिओ दाखवावा, कारण डिस्टोनियाच्या मुलांची शस्त्रक्रिया सहसा पूर्ण भुलेखाली होते आणि मान वळलेल्या मुलाचा श्वासमार्ग हाताळणे हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न असतो. पॅलिडोटॉमी, म्हणजे जीपीआयचा छोटा भाग जाळणे, आणि स्नायू सैल करणाऱ्या बॅक्लोफेनचा पंप हे पर्यायही मेजावर असावेत. ज्या कुटुंबाला पुढील अनेक वर्षे नियमित येणे खरोखर शक्य नाही, त्यांच्यासाठी यंत्र न ठेवता केलेली शस्त्रक्रिया कधी कधी अधिक प्रामाणिक सल्ला ठरते.

पैशाची बोलणी याच टप्प्यावर, मोकळेपणाने व्हावीत. यंत्रणेचा खर्च कित्येक लाखांत जातो आणि बॅटरी बदलण्याचा खर्च पुन्हा पुन्हा येतो. ही दुसरी गोष्ट पालकांना शस्त्रक्रियेनंतर कळणे हा अन्याय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्या वेळी काय बसते, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून लेखी घ्यावे. दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणाखाली मुंबईत परळचे केईएम रुग्णालय हे उत्कृष्टता केंद्र आहे. मात्र त्या मदतीसाठी आजाराचे नाव धोरणाच्या यादीत असावे लागते, हे आधी तपासावे. दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्ड नसेल तर ते काढून घ्यावे.

बैठकीचा निर्णय त्याच दिवशी एका परिच्छेदात लिहून सर्वांना पाठवावा, आणि कोणाचे मत वेगळे असेल तर तेही त्यात नोंदवावे. मतभेद झाकून सगळ्यांचे एकमत झाल्याचे दाखवणाऱ्या कागदाचा पुढे कोणालाच उपयोग होत नाही.

वाट पाहता येत नाही तेव्हा

स्टेटस डिस्टोनिकस, म्हणजे डिस्टोनियाचे जिवावर बेतणारे वादळ, हा वरील सर्व क्रमाला अपवाद. जीएनएओ1 च्या मुलांत ताप, जुलाब किंवा साध्या सर्दीनंतरही हालचालींचे वादळ उठू शकते. अंग तापते, रक्तातील सीपीके (स्नायूंना इजा झाल्याची खूण) वाढत जाते, लघवी गडद होते आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. अशा वेळी जवळच्या बाल-अतिदक्षता विभागात दाखल करून सलाइन, मिडाझोलाम, क्लोनिडिन, आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर, असे उपचार सुरू करावेत आणि डीबीएसच्या चमूला पहिल्याच दिवशी फोन करावा. पाच दिवस औषधे वाढवून थकल्यावर फोन करणे उशिराचे असते. औषधांना न जुमानणाऱ्या वादळात तातडीच्या जीपीआय उत्तेजनाने जीव वाचल्याचे अनुभव प्रसिद्ध झालेले आहेत. पनवेल किंवा खारघरहून मुंबईला न्यायचे तर कोणत्या रुग्णवाहिकेत व्हेंटिलेटर आहे आणि सोबत डॉक्टर कोण जाणार, हे मूल स्थिर असतानाच ठरलेले हवे. अटल सेतू झाल्यापासून अंतर कमी झाले, पण शिवडीला उतरल्यावरची गर्दी आहे तिथेच आहे.

शस्त्रक्रियेनंतरचे वर्ष

पार्किन्सनच्या रुग्णात यंत्र सुरू करताच कंप थांबतो आणि नातेवाईक टाळ्या वाजवतात. डिस्टोनियात तसे होत नाही. झटक्यासारख्या हालचाली दिवसांत किंवा आठवड्यांत कमी होतात, तर वळलेली, ताठर ठेवण सुटायला महिने लागतात, कधी कधी वर्षही. पालकांना हे माहीत नसले तर पहिल्या महिन्यात निराशा येते, आणि डॉक्टरांना याचा विसर पडला तर दर भेटीत मात्रा बदलली जाऊन कशाने काय झाले हे कोणालाच कळेनासे होते. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याला आठवडे द्यावेत.

पहिल्या प्रोग्रॅमिंगमध्ये लीडवरील, म्हणजे मेंदूतील तारेवरील, प्रत्येक संपर्कबिंदू स्वतंत्रपणे तपासावा. मात्रा वाढवताना मुलाच्या डोळ्यांसमोर काजवे चमकू लागले तर तो बिंदू दृष्टिमार्गाच्या जवळ आहे, आणि तोंडाचा कोपरा किंवा हात ओढला जाऊ लागला तर वीज हालचालींचे तंतू असलेल्या इंटर्नल कॅप्सूलकडे पसरते आहे. दोन्ही निरीक्षणे मात्रेसह लिहून ठेवावीत. लहान मूल काजवे दिसतात असे सांगत नाही, ते नुसते डोळे चोळते किंवा एकीकडे पाहत राहते, म्हणून त्याच्या चेहऱ्याकडे बघणारा एक माणूस वेगळा ठेवावा. प्रत्येक भेटीच्या शेवटी कोणता बिंदू, किती मिलिअँपिअर, किती मायक्रोसेकंद, किती हर्ट्झ, इम्पिडन्स (विद्युत रोध) किती आणि बॅटरी किती, ही नोंद समन्वयकाकडे त्याच दिवशी पोहोचावी. उत्तेजन जास्त झाले तर बोलणे जड होणे किंवा पावले अडखळणे हे त्याचेच दुष्परिणाम असू शकतात. ठाण्यातल्या डॉक्टरांनी तो आजार समजून औषध वाढवण्याआधी नोंद पाहावी. भेटी ठरवताना जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवसांची सवड ठेवावी. मध्य रेल्वे बंद पडली म्हणून प्रोग्रॅमिंग महिनाभर लांबणे परवडत नाही.

घराजवळच्या फिजिओथेरपिस्टला एक गोष्ट लेखी कळवलीच पाहिजे. शॉर्टवेव्ह किंवा मायक्रोवेव्ह डायथर्मी, तसेच उपचारासाठीचा अल्ट्रासाउंडचा शेक, शरीराच्या कोणत्याही भागावर द्यायचा नाही, यंत्र बंद असले तरीही नाही, कारण तारेतून उष्णता इलेक्ट्रोडपर्यंत जाऊन मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. आजीचा गुडघा दुखतो म्हणून तिच्यासोबत गेलेल्या मुलीला ‘ये, तुलाही जरा शेक देते’ असे प्रेमाने म्हटले जाणे अगदी शक्य आहे. यंत्राचे ओळखपत्र दप्तरात असावे, आणि दातांच्या डॉक्टरांपासून एमआरआय केंद्रापर्यंत प्रत्येक ठिकाणी ते आधी दाखवावे. कोणत्या परिस्थितीत एमआरआय चालतो, हे मॉडेलप्रमाणे बदलते.

बॅटरीबाबत डिस्टोनियात विशेष दक्षता हवी. उत्तेजन अचानक थांबले तर डिस्टोनिया जोराने उसळून स्टेटस डिस्टोनिकसपर्यंत जाऊ शकतो. चार्ज होणारी बॅटरी असेल तर चार्जिंगचा वार ठरवून घराच्या कॅलेंडरवर लिहावा आणि घरातील दोघांना ते काम येत असावे. चार्ज न होणारी असेल तर समन्वयकाने तिची पातळी दर भेटीत नोंदवून ती संपण्याच्या बरेच आधी बदलण्याची तारीख घ्यावी, कारण पैसे, मंजुरी आणि खाट मिळायला लागणारा वेळ बॅटरीला ठाऊक नसतो.

नोंद आणि पुनर्तपासणी

तीन, सहा आणि बारा महिन्यांनी तोच व्हिडिओ, तेच गुण आणि तीच उद्दिष्टे पुन्हा तपासावीत, आणि निकाल कसाही असो, तो लिहून मोठ्या चमूकडे पाठवावा. त्या जनुकातील पुढच्या मुलाचा निर्णय अशाच नोंदींवर घेतला जाणार असतो. सापडलेला बदल प्रयोगशाळेमार्फत क्लिनव्हार या जनुकीय बदलांच्या सार्वजनिक नोंदसंचात नोंदवला गेला आहे का, ते विचारावे. शस्त्रक्रियेला संमती दिली म्हणजे प्रकाशनाला दिली असे होत नाही. रुग्णाची माहिती छापायची असेल तर स्वतंत्र संमती घ्यावी.

निदान झाले नसेल तर एक्झोमची जुनी विदा (डेटा) एक-दोन वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावी. 2015 साली ज्या मुलाचा अहवाल निगेटिव्ह आला, त्याच विदेत आज केएमटी2बी दिसू शकतो, कारण त्या वेळी या जनुकाकडे डिस्टोनियाचे कारण म्हणून कोणी पाहतच नव्हते. पुनर्विश्लेषणाची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर समन्वयकाच्या नावाखाली लिहावी, आणि त्या दिवशी प्रयोगशाळेला फोन कोणी करायचा, हेही तिच्यापुढे लिहावे.